ऑटोमॅटिक म्हणजे आपोआप नव्हे!

मित्रमैत्रिणींनो, आधी एक कबुली देते. मी पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा, त्यामुळे घरी आजीशी जेवढं बोलायचे तेवढंच माझं मराठी. मराठी विभागाच्या संपादकांनी "यंदा तू लेख देच" म्हटल्यावर पोटात गोळाच आला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्यांनी दुरुस्त केल्या असतील, पण विचारांच्या चुका माझ्याच आहेत.

विषय तसा रुक्ष वाटेल. डेटाबेस बंद पडला तर दुसऱ्या, राखीव डेटाबेसने आपोआप त्याची जागा घ्यायची, याला आमच्या भाषेत ऑटोमॅटिक फेलओव्हर म्हणतात आणि त्या राखीव डेटाबेसला स्टँडबाय. तुम्ही म्हणाल, हे कॉम्प्युटरवाल्यांनी बघावं, आम्हाला काय त्याचं? तर मंडळी, यंदापासून हॉस्टेलच्या रजा, रात्रीची हजेरी आणि मेसचे खाडे हे सगळं कॉम्प्युटरवर जाणार, अशी चर्चा आहे. "एक मशीन बंद पडलं तरी दुसरं ऑटोमॅटिक चालू होणार, मग गेटवरची वही हवीच कशाला?" असंही काही जण म्हणतात. ती वही बंद होऊ नये म्हणून हा लेखप्रपंच. कारण गेल्या पावसाळ्यात नेमकं हेच करून बघताना आमच्या ग्रुपने तोंड पोळून घेतलं आहे.

झालं असं. मिनी प्रोजेक्ट म्हणून आम्ही तिघींनी रजा आणि खाड्यांचा छोटा प्रोग्रॅम केला. एक कॉम्प्युटर रेक्टर मॅडमच्या ऑफिसात, दुसरा डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये, आणि दोन्हीवर पोस्टग्रेस. ऑफिसातला मुख्य, लॅबमधला स्टँडबाय. मुख्य मशीनवर जे लिहिलं जाईल त्याची नक्कल लगेच लॅबमध्ये जायची. त्यावर मी आठ ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. लॅबचं मशीन दर दहा सेकंदांनी ऑफिसच्या मशीनला हाक मारणार, आणि लागोपाठ तीन वेळा उत्तर आलं नाही तर स्वतःला मुख्य करून घेणार. सरांना डेमो दाखवताना ऑफिसच्या मशीनची वायर काढली, अर्ध्या मिनिटात लॅबचं मशीन उभं राहिलं. टाळ्या पडल्या. आम्ही हवेत!

जुलैतली एक संध्याकाळ. दापोलीचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. पाचच्या सुमारास लाईट गेली ती रात्रभर आलीच नाही. ऑफिसला जनरेटर होता आणि लॅबला इन्व्हर्टर, त्यामुळे दोन्ही कॉम्प्युटर ठणठणीत चालू होते. पण या दोघांना जोडणारा नेटवर्कचा स्विच जिन्याखाली होता आणि त्याला ना जनरेटर ना इन्व्हर्टर. तो मेला. लॅबच्या मशीनने तीन हाका मारल्या, उत्तर आलं नाही, आणि ते समजलं की मुख्य मशीन गेलं. मुख्य मशीन तर जिवंतच होतं! आता दोघंही स्वतःला मुख्य समजू लागली आणि दोघंही नोंदी घेत बसली.

साडेपाचला आमच्या मजल्यावरच्या एका मुलीची आजी चिपळूणला दवाखान्यात असल्याचा निरोप आला. ती लॅबमध्येच होती. तिने तिथूनच रजा भरली, क्लास टीचरांनी तिथेच मंजूर केली आणि सहा दहाच्या एसटीने ती गेली. नियमाप्रमाणे सगळं बरोबर. पण ही नोंद फक्त लॅबच्या मशीनवर. रात्री हजेरीला रेक्टर मॅडमच्या स्क्रीनवर तिची रजाच नव्हती. रूममेट आधीच गावाला गेलेली. मोबाईल लागेना. अकरा वाजता मॅडमनी तिच्या वडिलांना फोन केला. त्यांनी तरी दुसरं काय करायचं? वडील गुहागर तालुक्यातल्या खेड्यात. मुलगी हॉस्टेलवर नाही, फोन लागत नाही, बाहेर धो धो पाऊस. त्या माणसाने ती रात्र कशी काढली असेल ते मला आजही सुचू नये असं वाटतं.

सकाळी साडेसहाला दिवसपाळीचे वॉचमन काका आले. त्यांनी ड्रॉवरमधून वही काढली आणि बोट ठेवलं. तिचं नाव, सहा दहा, चिपळूण गाडी, सही. संपला प्रश्न. साक्षीदार रात्रभर ड्रॉवरमध्ये पडून होता, त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

पुढचे दोन दिवस आम्ही दोन्ही मशीनच्या याद्या छापून, मेसवाल्या काकूंच्या शेजारी बसून, पेनाने खाडे जुळवत होतो. कारण २३१८ नंबरच्या नोंदीपर्यंत दोन्ही याद्या सारख्या, आणि २३१९ पासून एकाच नंबरवर दोन वेगवेगळ्या माणसांची नावं. काकू म्हणाल्या, "पोरींनो, आधी एकच चूक सापडायची, आता दोन-दोन सापडतात होय?"

या प्रकाराला इंग्रजीत जे नाव आहे त्याचा अर्थ दुभंगलेला मेंदू. आपल्याकडे याला फार चांगली म्हण आहे, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. आणि इतिहासही आहे. १७०७ साली शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले तेव्हा इकडे महाराणी ताराबाई राज्य चालवत होत्या. दोन्ही बाजूंचा हक्काचा दावा होता, आणि खरा कोणता हे ठरवणारं तिसरं कोणी नव्हतं. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या आणि हद्दी ठरवणारा वारणेचा तह व्हायला १७३१ साल उजाडलं. आमचे खाडे दोन दिवसांत जुळले, एवढंच आमचं नशीब.

त्यानंतर मी जरा गंभीरपणे वाचायला लागले. तेव्हा कळलं की आम्ही जे केलं ते न करण्याबद्दल जगभरच्या लोकांनी आधीच बजावून ठेवलंय. पोस्टग्रेसची अधिकृत माहितीच सांगते की मुख्य मशीन गेलं हे ओळखण्याची यंत्रणा आम्ही देत नाही, ती तुम्ही उभी करायची. म्हणजे नक्कल करणं हे डेटाबेसचं काम, पण कधी गादीवर बसायचं हा निर्णय वेगळा. त्या निर्णयाच्या काही अटी आहेत. माझ्या भाषेत सांगते.

पहिली अट म्हणजे तिसरा हवा. दोन मशीन असतील आणि मधली वायर तुटली, तर "तो मेला की आमचा संपर्क तुटला" हे दोघांपैकी कोणालाच कळू शकत नाही. कितीही हुशार प्रोग्रॅम लिहा, नाहीच कळणार. म्हणून तिसरं मशीन लागतं, आणि तेही वेगळ्या जागी, वेगळ्या वायरवर. ओरॅकलच्या फास्ट-स्टार्ट फेलओव्हरमध्ये त्याला ऑब्झर्व्हर म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००५ मध्ये जी मिररिंगची सोय होती तिच्यात त्याचं नावच विटनेस, म्हणजे साक्षीदार. तो नसेल तर तिथे आपोआप बदल होतच नसे. पोस्टग्रेससाठी पॅट्रोनी नावाचं साधन वापरतात, ते एटसीडीसारख्या वेगळ्या यंत्रणेत "सध्याचा मुख्य कोण" याची एक पाटी ठेवतं. मुख्य मशीनला ती पाटी सतत ताजी करत राहावी लागते, ठरवून दिलेल्या मुदतीत केली नाही तर पद जातं. ही मुदत मुळात ३० सेकंदांची असते. तत्त्व एकच, बहुमत. तिघांत दोघांचं, पाचांत तिघांचं. चार मशीन घेऊन मात्र फायदा नाही, कारण चारांतही तिघंच लागतात, म्हणजे तिघांसारखंच एकच गेलेलं चालतं.

दुसरी अट, जुन्याला गप्प करता आलं पाहिजे. नवा गादीवर बसण्याआधी जुना नक्की उतरलाय याची खात्री. आपल्या हॉस्टेलच्या जनरेटरचा चेंजओव्हर बघितलाय ना? खटका एकतर महावितरणकडे, नाहीतर जनरेटरकडे, मध्ये बंद. दोन्हीकडे एकाच वेळी जाऊच शकत नाही, तशी त्याची रचनाच असते. का? कारण जनरेटरची वीज उलटी लाईनमध्ये गेली तर खांबावर चढलेला वायरमन मरेल. लाईट गेलीये या विश्वासावर तो बिचारा वर चढलेला असतो. डेटाबेसलाही असाच खटका लागतो. ओरॅकलच्या त्या पद्धतीत मुख्य मशीनचा ऑब्झर्व्हर आणि स्टँडबाय या दोघांशीही संपर्क तुटला, तर ते स्वतःहून नोंदी घेणं थांबवतं. "मी एकटाच पडलोय, म्हणजे कदाचित तिकडे दुसरा बसला असेल" एवढं शहाणपण त्यात घातलेलं आहे. माझ्या आठ ओळींत ते नव्हतं.

तिसरी अट, स्टँडबाय किती मागे चाललं तर चालेल हे आधी ठरवा. नक्कल दोन प्रकारे होते. एकात मुख्य मशीन स्टँडबायचा होकार येईपर्यंत थांबतं, मगच "नोंद झाली" म्हणतं. यात काही हरवत नाही, पण एकुलता एक स्टँडबाय बंद पडला तर मुख्य मशीनही नोंदी अडवून बसतं. म्हणून दोन स्टँडबाय ठेवतात. दुसऱ्या प्रकारात मुख्य मशीन थांबत नाही, वेग मिळतो, पण ऐनवेळी शेवटच्या काही नोंदी हरवू शकतात. किती हरवलेलं चालेल याला आरपीओ म्हणतात आणि किती वेळात परत चालू व्हायला हवं याला आरटीओ. (गाडीच्या लायसन्सवाला आरटीओ नव्हे!) खाड्याच्या बाबतीत दोन मिनिटांच्या नोंदी गेल्या तर काकू समजून घेतील. रजेच्या बाबतीत एकही गेलेली चालणार नाही. हे आकडे कॉम्प्युटर ठरवत नाही, माणसांनी बसून ठरवायचे असतात.

चौथी अट, स्टँडबाय तितक्याच ताकदीचा आणि योग्य जागी हवा. इथे गिटहबचं उदाहरण सांगते, कारण आपण सगळेच आपला कोड तिथे ठेवतो. २१ ऑक्टोबर २०१८ ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर त्यांचं नेटवर्क देखभालीच्या कामात फक्त ४३ सेकंद तुटलं. त्यांच्याकडे बहुमताची यंत्रणा होती, माझ्यासारखी आठ ओळींची स्क्रिप्ट नव्हती. तिने नियमाप्रमाणे पश्चिम किनाऱ्यावरचे डेटाबेस मुख्य केले. पण पूर्वेकडे काही सेकंदांच्या नोंदी तेवढ्यात झाल्या होत्या, त्या पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या. आणि पूर्वेकडच्या प्रोग्रॅमना दर वेळी देश ओलांडून पश्चिमेला जाणं झेपेना. सगळं पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. ४३ सेकंदांच्या खोकल्यासाठी दिवसभराचा ताप! म्हणून तिसरा असून भागत नाही, कोणी गादीवर बसायचंच नाही तेही सांगून ठेवावं लागतं.

जागेचं म्हणाल तर दापोलीकरांना वेगळं शिकवायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा मी ठाण्यात शाळेत होते, टीव्हीवर बघितलं. वॉचमन काकांनी मात्र ते अंगावर घेतलं. सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, मोबाईल बंद, आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत पुराचं पाणी घुसलं. अशा वेळी ऑफिसातला कॉम्प्युटर आणि लॅबमधला कॉम्प्युटर यात फरक तो काय? दोन्ही एकाच आवारात, एकाच डोंगरावर. शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली १६७७ मध्ये. बारा वर्षांनी, १६८९ मध्ये, रायगड पडायची वेळ आली तेव्हा राजाराम महाराज तिकडे जाऊ शकले आणि १६९८ पर्यंत त्या किल्ल्याने मोगलांना अडकवून ठेवलं. राखीव जागा लांब होती, मजबूत होती, आणि मुख्य म्हणजे संकटाच्या आधी तयार होती. आपल्याला जिंजीएवढं लांब जायला नको, पण रोजची एक प्रत दापोलीच्या बाहेर तरी जायला हवी.

पाचवी अट, स्टँडबाय म्हणजे बॅकअप नव्हे. हे मला सगळ्यात उशिरा कळलं. तुम्ही मुख्य मशीनवर चुकून अख्खा तक्ता पुसलात, तर तो पुसण्याचा हुकूमही क्षणात स्टँडबायला पोचतो. नक्कल करणारा चुकीचीही नक्कल करतो, परीक्षेत आपल्यालाही हा अनुभव आहे. गिटलॅब या कंपनीत ३१ जानेवारी २०१७ ला स्टँडबाय मागे पडला होता म्हणून एक इंजिनिअर रात्री उशिरा दुरुस्ती करत होता. स्टँडबायचा समजून त्याने मुख्य मशीनचाच डेटा पुसला. सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले. बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप कधीपासून होतच नव्हता, आणि तो होत नसल्याच्या ईमेलही पोचत नव्हत्या. शेवटी सहा तासांपूर्वीची एक प्रत सापडली, तीही योगायोगाने. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, जगासमोर मांडलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

सहावी अट, परतीची वाट. जुनं मशीन परत जिवंत झालं की ते आता स्टँडबाय म्हणून मागे उभं राहिलं पाहिजे. पण त्याच्यावर जास्तीच्या नोंदी झालेल्या असतील तर ते सरळ उभं राहत नाही. ओरॅकलमध्ये त्यासाठी फ्लॅशबॅक आधीपासून चालू ठेवावं लागतं, पोस्टग्रेसमध्ये पीजी-रिवाइंड वापरायचं तर चेकसम किंवा तशीच एक सेटिंग आधीच चालू हवी. नंतर चालू करून उपयोग नाही. आणि लक्षात ठेवा, रिवाइंड त्या जास्तीच्या नोंदी पुसून टाकतं. त्यात कोणाची तरी रजा असू शकते, म्हणून आधी त्या बाजूला काढून घ्यायच्या.

सातवी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी अट, रंगीत तालीम. आम्ही डेमोत वायर काढली, पण कोणती? मुख्य मशीनची. जिन्याखालचा स्विच बंद करून बघावं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. जे नीट चालणार हे माहीत होतं तेच तपासलं. तहान लागल्यावर विहीर खणायची नसते हे आपण शाळेत शिकतो, पण खणलेल्या विहिरीला पाणी आहे का हेही बघावं लागतं!

आता दुसरी बाजू. आमचे एक सीनियर म्हणतात, "हे सगळं ऑटोमॅटिक झंझट कशाला? माणूस बघेल आणि माणूसच बदलेल." ऐकायला बरं वाटतं. पण माणूसही अडतो. मुंबईतलं नॅशनल स्टॉक एक्स्चेंज घ्या. २४ फेब्रुवारी २०२१ ला त्यांच्या दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या लिंकमध्ये बिघाड झाला, जोखीम तपासणारी यंत्रणा बंद पडली आणि ११ वाजून ४० मिनिटांनी अख्खा व्यवहार थांबवावा लागला. चेन्नईला राखीव केंद्र होतं, पण तिकडे गेले नाहीत. व्यवहार परत सुरू झाला दुपारी पावणेचारला, आणि त्या दिवशी बाजार पाचपर्यंत चालवावा लागला. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडली तर ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत व्यवहार परत चालू करायचा, गरज पडल्यास राखीव केंद्रातून. म्हणजे "बघू, आत्ता होईल दुरुस्त" असं म्हणत बसण्याला घड्याळ लावलं. पुढे २ मार्च २०२४ आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजार मुद्दाम उघडला, सकाळचं सत्र मुख्य केंद्रातून आणि नंतरचं राखीव केंद्रातून. खऱ्या पैशांची रंगीत तालीम!

तेव्हा गिटहबमध्ये यंत्राने घाई केली आणि एक्स्चेंजमध्ये माणसांचा वेळ गेला. दोन्हीकडे हुशार माणसं होती, पैसा होता. मग आपल्या हॉस्टेलने काय करावं?

माझं मत स्पष्ट आहे. बंद पडलेलं मशीन परवडलं, पण खोटं बोलणारं नको. त्या रात्री मॅडमची स्क्रीन काळी असती, तर त्यांनी गेटवर विचारलं असतं, वही उघडली असती. स्क्रीन चालू होती आणि ठामपणे "रजा नाही" म्हणत होती, म्हणून कोणाला वहीची आठवण झाली नाही. बंद पडल्याचा त्रास सगळ्यांना दिसतो आणि सगळे मिळून मार्ग काढतात. चुकीच्या नोंदीचा त्रास एकाच घराला होतो, आणि तोही रात्री अकरा वाजता.

म्हणून मागणी एवढीच. यंदा सुरुवातीला ओळखणं आणि घंटा वाजवणं ऑटोमॅटिक असू द्या, पण गादी बदलणं माणसाच्या हातात ठेवा. कोणाच्या, ते नावानिशी भिंतीवर लावा, आणि तो रजेवर असला तर पुढचा कोण तेही. काय करायचं ते एका कागदावर, पाच ओळींत, जी ओळ वॉचमन काकांनाही वाचता येईल. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तालीम करा, आणि दर वेळी वेगळी वायर काढा. जिन्याखालच्या स्विचला एक छोटा यूपीएस द्या, तो नव्हता म्हणूनच हे सारं झालं. तिसरं मशीन आलं, चेंजओव्हरसारखा खटका बसला, सहा तालमी बिनचूक पार पडल्या, की मग खुशाल पूर्ण ऑटोमॅटिक करा. तेव्हा पहिली टाळी मी वाजवेन.

आणि गेटवरची वही मात्र राहू द्या. तिला वीज लागत नाही, नेटवर्क लागत नाही, आणि तीच आपल्याकडचा पहिला साक्षीदार आहे. फक्त ती रात्री ड्रॉवरमध्ये कुलूपबंद न ठेवता रात्रपाळीच्या काकांच्या हातात द्या, म्हणजे कोणाच्या घरी फोन लावण्याआधी ती बघता येईल. या एका बदलाला एक रुपयाही खर्च नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्या मैत्रिणीच्या घरी गेले होते. तिच्या वडिलांची माफी मागितली. ते हसले, म्हणाले, "अगं, चूक होते. पण मशीनला विचारल्यावर माणसालाही एकदा विचारायचं." मग शहाळं फोडून हातात दिलं. आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये निष्कर्षाचं पान अजून कोरं आहे. तिथे मी हेच वाक्य लिहिणार आहे. सर मार्क कापतील तर कापू देत.